टाळूचं झाकण

पेंटम्मानं झाकण तोंडातून काढून पितळेच्या वाटीत ठेवलं, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि होडी घासायच्या पॉलिशपेपरचा तुकडा बोटात धरून ती हलक्या हातानं घासू लागली. दार लोटून घेतलं होतं. बाहेर समुद्र गाजत होता, म्हणून खरखर अंगणापर्यंत पोचत नव्हती, एवढंच बरं.

डॉक्टर त्याला प्लेट म्हणत. किनाऱ्यावरच्या बायकांनी त्याचं नाव झाकण ठेवलं होतं. गुलाबी, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं, वरून फुगीर आणि आतून पोकळ. टाळू कापून काढल्यावर तोंडाच्या छताला जे भोक राहतं, त्यात ते बसायचं. पेंटम्माच्या झाकणावर, जिभेच्या बाजूला, नेमका मधोमध एक तपकिरी डाग पडला होता आणि डागाभोवती पापुद्रा फुगला होता, भाकरी तव्यावर राहून जावी तसा.

"अत्ता, दार का लोटलंय?" सून एर्रम्मा बाहेरून ओरडली. सासूला ती अत्ता म्हणायची. "सासूबाई आत काय लपवतायत?"

"तुझं सोनं," पेंटम्मा म्हणाली. पण झाकण वाटीत होतं. शब्द तोंडातून निघाले ते नाकातूनच बाहेर पडले, आणि 'सोनं' चं काय झालं ते तिलाही कळलं नाही.

एर्रम्मा दार ढकलून आत आली. वाटी पाहिली, पॉलिशपेपर पाहिला, आणि सासूचा पदर हुंगला. मग कपाळाला हात लावला. "पुन्हा? अगं, हंगाम तोंडावर आलाय!"

हंगाम तोंडावर आला होता हे पेंटम्माला सुनेनं सांगायची गरज नव्हती. माशांच्या विणीची बंदी उठायला आठवडा उरला होता. होड्या वाळूवर पालथ्या पडल्या होत्या, जाळी दुरुस्त होऊन गुंडाळून ठेवलेली होती. बंदीनंतरची पहिली होडी किनाऱ्याला लागली की तिच्या माशांची बोली जी बाई लावते, तिचीच बोली हंगामभर त्या वाळूवर चालते, अशी रीत. गेली कित्येक वर्षं ती बाई पेंटम्मा होती. भाव तर कुणालाही ओरडता येतो. पेंटम्मा मासा असा उभा करायची की गिऱ्हाइकानं आधी त्याच्याकडे बघावं आणि मग खिशाकडे.

*समुद्राची लेक आली, रुप्याचं लेणं ल्याली,*
*मांडवात उभी राहिली, बोला, कोण नेतो?*

सुरमईची ही बोली तिनं म्हटली की पलीकडच्या पाड्यातले व्यापारी सायकली टाकून धावत यायचे. टाळू गेली तेव्हा ते सगळं गेलं. 'बोला' म्हणायला गेलं की 'मोना' ऐकू यायचं. आंबील प्यायली तर नाकातून यायची. आणि पोलम्मा, जिचा आवाज फुटक्या घागरीसारखा होता, ती दारावरून जाताना मुद्दाम थांबून विचारायची, "काय गं पेंटा, बरी आहेस ना? बोलू नकोस हो, त्रास होईल."

झाकणानं ते परत दिलं होतं.

या किनाऱ्यावरच्या बायका चुट्टा उलटा ओढतात. तंबाखूचं पान वळायचं, पेटवायचं आणि जळतं टोक आत घेऊन ओठ मिटायचे. वाऱ्यात विझत नाही, ओल्या हातांनी पुन्हा पुन्हा काडी ओढावी लागत नाही, डोक्यावर टोपलं असताना ठिणगी लुगड्यावर उडत नाही. पेंटम्माच्या आईनं ओढला, आईच्या आईनं ओढला. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून पेंटम्माला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं आणि नावही तेच ठेवलं होतं, पेंटा म्हणजे उकिरडा. उकिरड्यावरून उठलेल्या पोरीला चुट्टा काय करणार, असं तिची आई म्हणायची. चुट्ट्यानं पन्नास वर्षं काही केलं नाही. मग टाळूवर एक पांढरा चट्टा उठला, चट्ट्याच्या मधे लाल झालं, आणि विशाखापट्टणमच्या मोठ्या दवाखान्यात तेवढी टाळू कापावी लागली.

तिथून तिला दातांच्या कॉलेजात पाठवलं. तिथली कामेश्वरी नावाची तरुण डॉक्टर याच झाकणांवर अभ्यास करत होती. पोकळ झाकण हलकं असतं, तर ते घातल्यावर बाई किती स्पष्ट बोलते, किती नीट गिळते, आणि ते किती दिवस टिकतं, हे तिला पाहायचं होतं. किनाऱ्यावरच्या डझनभर बायका तिच्या अभ्यासात होत्या. अट एकच: चुट्टा बंद. ओढलेला कळला की नाव बाहेर. मग नवं झाकण हवं तर सगळ्यांसारखं रांगेत लागायचं, आणि ती रांग दिवाळीपर्यंत हलत नाही.

पहिल्यांदा झाकण बसवलं तेव्हा कामेश्वरीनं एक यंत्र पुढं ठेवून सांगितलं होतं, "अम्मा, मी शब्द सांगते, तुम्ही म्हणा." दोन शब्द म्हणून पेंटम्मा कंटाळली. तिनं टेबलावरचा दातांचा साचा उचलला, डोक्याच्या वर धरला आणि अख्खी बोली लावली. शेजारच्या खोलीतले विद्यार्थी दारात जमले. एकानं तर हात वर करून भावही सांगितला. त्या दिवशी बसमध्ये ती वाटभर बोलत होती. कुणाशी असं नाही, नुसती बोलत होती.

आणि मग चार महिन्यांनी, जाळी विणत बसलेल्या दुपारी, शेजारची गवरम्मा चुट्टा पेटवून म्हणाली, "अगं, टाळू तर त्यांनी कापून बशीत ठेवली. आता तिथं आहे प्लास्टिक. प्लास्टिकला कुठला रोग व्हायचाय?"

गवरम्माही त्याच अभ्यासातली. पेंटम्माला तिचं म्हणणं बिनतोड वाटलं. आधी एक, मग जेवणानंतर एक. डाग पडला की गवरम्माच पॉलिशपेपर द्यायची. घासून घासून झाकण मधे पातळ झालं, आणि या आठवड्यात ते वाकलं. कडेनं हवा जाऊ लागली. 'बोला' पुन्हा 'मोना' च्या वाटेला लागलं.

"उद्याची पहिली बस," एर्रम्मा म्हणाली. "आणि तिथं तोंड उघडायच्या आधी विचार कर."

"तोंड उघडायलाच तर जायचंय," पेंटम्मा म्हणाली.

---

कामेश्वरीनं झाकण खिडकीजवळ नेऊन उजेडात धरलं. मग चिमट्यासारख्या एका मापानं त्याची जाडी मोजली.

"हेही मधेच पातळ झालंय," ती शेजारी उभ्या असलेल्या प्रोफेसर जगन्नाधमना म्हणाली. "सर, सगळ्यांचं इथंच झिजतंय. मी वेगळ्या कंपनीचं प्लास्टिक वापरून पाहिलं, तरी तेच."

प्रोफेसरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अम्मा, हे कशानं घासता?"

एर्रम्मानं सासूच्या पायावर पाय ठेवला.

"राखेनं," पेंटम्मा म्हणाली. "भांडी घासतो तसं."

कामेश्वरीचा चेहरा उजळला. "राख! अगं अम्मा, आधी सांगायचं ना! आणि मी दीड वर्ष प्लास्टिकला शिव्या देतेय."

"मग प्रश्न मिटला," प्रोफेसर म्हणाले. "सांगून या बायका राख सोडणार नाहीत. धातूचं करू. सगळ्यांनाच. ते झिजत नाही. हिच्यापासून सुरू करा, आज माप घ्या, चार दिवसांत देऊन टाका."

एर्रम्मानं पाय काढला. पेंटम्माला वाटलं, पैडितल्लीनंच डोळे उघडले. खोटं बोलले आणि देवीनं वर प्रसाद दिला.

कामेश्वरी कपाटातून एक नमुना घेऊन आली. चांदीच्या पाकळीसारखा, चकचकीत, पातळ. "बघा, वजन किती कमी आहे. आवाज तर अजून खणखणीत येईल, पोलम्माची छुट्टी." तिला बोलीच्या गोष्टी सगळ्या ठाऊक होत्या. "आणि एक गंमत दाखवते." तिनं आपल्या चहाच्या पेल्यात नमुन्याचं टोक बुडवलं आणि लगेच काढून पेंटम्माच्या मनगटावर ठेवलं.

पेंटम्मानं हात झटकन मागे घेतला.

"पोळलं? बघा, म्हणजे कळतं!" कामेश्वरी हसली. "प्लास्टिकला गरम-गार काही समजत नाही. हे खऱ्या टाळूसारखं. कालवणाचा गरमपणा कळला की जेवणाला चव येते."

मनगटावर लाल ठिपका उठला होता. पेंटम्मा त्याच्याकडे बघत राहिली. चहाचा होता हा. नुसत्या चहाचा. गवरम्माचा चुट्टा दिवसातून पाचदा पेटायचा आणि विझेपर्यंत तोंडात असायचा. तिच्या झाकणाच्या कडेला कापलेलं मांस अजून ओलं होतं. पाणी लागलं तरी ती डोळे मिटायची. धातू तापला की तो कुठं टेकणार?

आणि प्रोफेसर म्हणाले होते, सगळ्यांनाच.

"अम्मा, बसा खुर्चीत. माप घेऊ."

"पाणी पिऊन येते," पेंटम्मा म्हणाली आणि झाकण हातात घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

एर्रम्मा मागोमाग आली. सासूचा चेहरा पाहून तिनं ओळखलं. "अत्ता, गप्प बस हं. चांगलं मिळतंय ना? तू ओढू नकोस म्हणजे झालं."

"मी नाही ओढणार. गवरी?"

"गवरम्माला आपण घरी जाऊन सांगू."

"गवरी ऐकेल? तिचा नवरा बुडाला तेव्हा समुद्रावर जाऊ नकोस सांगितलं, तरी तिसऱ्या दिवशी टोपलं घेऊन गेली. ती म्हणेल, पोळलं तर बघू. आणि पोळलं की सांगणार नाही. सांगितलं तर नाव जाईल ना." सगळं नाकातून येत होतं, पण सुनेला सवय झाली होती. "बाकीच्या बायकांचं काय? त्या कुठल्या कुठल्या गावच्या. मी कुणाकुणाच्या घरी जाऊ?"

"आणि पोलम्मा?" एर्रम्मा म्हणाली. "तिला बोली दिलीस म्हणून समज."

पेंटम्मा उठली नाही. बाकावर पलीकडे एक म्हातारा तोंडाला फडकं बांधून बसला होता. तो तिच्याकडे बघून उगीचच मान हलवत होता. मग ती उठली, झाकण तोंडात बसवलं, आणि आत गेली.

"राख खोटी, डॉक्टरम्मा," ती दारातूनच म्हणाली. "पॉलिशपेपरनं घासते मी. डाग जावा म्हणून. चुट्ट्याचा डाग."

कामेश्वरी माप घ्यायचं मिश्रण कालवत होती. तिचा हात थांबला आणि भांड्यातलं मिश्रण तिथंच घट्ट होऊ लागलं.

"मला वाटलं, प्लास्टिकला काय होतंय," पेंटम्मा म्हणाली. "तू कुणालाच धातूचं देऊ नकोस. भाजून निघेल एखादी."

"कुणाकुणाचं म्हणताय? अजून कोण ओढतं?"

"दुसऱ्यांचं मला काय ठाऊक. मी माझं सांगितलं."

कामेश्वरीनं प्रोफेसरांकडे पाहिलं. सगळी झाकणं एकाच जागी पातळ होती, हे दोघांचं आत्ताच तर बोलून झालं होतं.

"राहिलं काय मग अभ्यासाचं?" ती हळू म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि रागाच्या आड रडू होतं. "दीड वर्ष मी त्या बिचाऱ्या प्लास्टिकला..."

"प्लास्टिकला नको देऊस शिव्या," पेंटम्मा म्हणाली. "मला दे. मला सोसतात."

कामेश्वरीला हसू आलं नाही. प्रोफेसर खुर्चीत बसले. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले, पण आवाज चढवला नाही. "हिचं नाव काढावं लागेल. बाकीच्यांना बोलवा एकेकीला, आणि आधी सांगा की खरं बोललं तर झाकण काढून घेणार नाही. मग जे कळेल ते लिहा. झाकण घातल्यावर किती बायका परत ओढायला लागतात, हे कुणी विचारलं होतं का? आपणही नाही विचारलं."

"आणि यांचं?"

"नवं नाही देता येणार. जुनं डागडुजी करून द्या."

दुपारभर कामेश्वरी ते वाकलेलं झाकण घेऊन बसली. आधी पेंटम्माचं तोंड आरशानं तपासलं. कापलेल्या जागेची एक कड तिला लाल दिसली. ती तिथं बराच वेळ बघत राहिली. "पंधरा दिवसांनी परत यायचं. तेव्हाही लाल असेल तर तुकडा काढून तपासायला पाठवणार. अभ्यासात असा नाही तर नसा." मग झाकणाच्या कडेनं तिनं मऊ रबरासारखा थर चढवला, तोंडात बसवून दाबून धरला, काढला, कातरला, पुन्हा बसवला.

"बोला."

"बोला," पेंटम्मा म्हणाली. पहिल्यासारखा नव्हता तो आवाज, पण 'बोला' होतं.

"नीट ऐका अम्मा. हा थर मऊ आहे, याला धग सोसत नाही. एक झुरका घेतला की सुटून येईल, आणि आवाज त्याच्याबरोबर जाईल. शपथबिपथ मी मागत नाही. काय होतं ते सांगते."

"तू माझ्या सासूसारखी बोलतेस," पेंटम्मा म्हणाली. "ती पण शपथ नाही मागायची."

---

बंदी उठली त्या पहाटे पेंटम्मा वाळूवर गेली तेव्हा पोलम्मा आधीच येऊन, पदर खोचून उभी होती. "ये गं पेंटा, ये. नुसती बघायला आलीस ना?"

ऊन वर आलं तेव्हा पहिली होडी लागली. टोपल्यांमधून बांगडे उतरले, आणि शेवटी दोघांनी मिळून एक सुरमई वाळूवर टाकली, अशी की उन्हात डोळे दिपावेत. पोलम्मानं घसा खाकरला. पण व्यापारी पेंटम्माकडे बघत होते. ती ऐकू येते की नाही, हे त्यांना पाहायचं होतं.

पेंटम्मानं जिभेनं झाकण वर दाबलं आणि बोली लावली. पहिली ओळ चोख गेली. दुसऱ्या ओळीत 'मांडवात' नाकात अडकलं, मागून कुणीतरी फिसकन हसलं. ती थांबली नाही. तिनं अंगठ्यानं कड दाबली, श्वास घेतला आणि ती ओळ पुन्हा म्हटली, मोठ्यानं. दोन माणसांनी भाव बोलला, तिसऱ्यानं वाढवला. सुरमई तिसऱ्यानं नेली.

"बोली पेंटम्माची," होडीचा मालक म्हणाला, आणि पोलम्मा पदर सोडून पाय आपटत बाजूला गेली.

घसा सुकला होता. पालथ्या होडीच्या सावलीत गवरम्मा बसली होती. कॉलेजात जाऊन ती कालच आली होती, खरं बोलून आली होती, आणि तरीही तिच्या बोटांत पेटलेला चुट्टा होता. तिनं तो पेंटम्मापुढं धरला. "घे. कमावलास."

तंबाखूचा वास आला. पेंटम्माच्या तोंडाला पाणी सुटलं. हात पुढं गेलाच होता. समुद्रावर दुसरी होडी दिसत होती, तिच्या मागे आणखी दोन.

"आत्ता नको," ती म्हणाली. "अजून तीन होड्या यायच्यात."

"मग संध्याकाळी?"

"संध्याकाळचं संध्याकाळी," पेंटम्मा म्हणाली, आणि लुगडं वर खोचून पाण्याकडे चालू लागली.