अकरा आठवडे कमी

मी एक जुना ऑटोक्लेव्ह आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. तुमच्या स्वयंपाकघरातला कुकर आठवा. मी त्याचाच आडदांड थोरला भाऊ. फरक इतकाच, की माझ्या पोटात अन्न शिजत नाही. शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे आणि कापडं माझ्या वाफेवर निर्जंतुक होतात.

कारखान्यातून आलो तेव्हा माझं पोलादी अंग इतकं लखलखत होतं, की जाता-येता लोक माझ्या दारात पाहून भांग नीट करत. एकवीस वर्षं मी या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिन्यामागच्या खोलीत उभा आहे. वर शस्त्रक्रिया नीट झाली की डॉक्टरांचं कौतुक होतं. माझी आठवण होते ती मी बंद पडल्यावर!

माझा एक नियम आहे. वाफ पुरेशी तापली की ठरलेली मिनिटं दाब धरून ठेवायचा. मध्येच दाब घसरला, तर झालेली मिनिटं फुकट; सगळं पहिल्यापासून. ‘जवळजवळ निर्जंतुक’ असं काही नसतं.

मला चालवणारी ताई आधी एक वर्ष जुन्या काकांच्या हाताखाली शिकली. काका निवृत्त झाले आणि मी तिच्या हाती आलो. मध्ये बाळंतपणासाठी ती काही महिने रजेवर गेली, तेवढाच काय तो आमचा दुरावा. ती रोज माझ्या दाराचं रबर ओल्या फडक्याने पुसते. स्वभाव मात्र धास्तीचा. दार लावल्यावर दोनदा ओढून पाहते आणि जाताजाता तिसऱ्यांदा. शेजारच्या टेबलावर कापडांच्या घड्या बांधणाऱ्या मावशी म्हणतात, “अगं, एक दिवस ते दारच तुला विचारेल, बाई, माझ्यावर विश्वास नाही का?”

या वर्षी बातमी आली, की माझ्या जागी नवं यंत्र येणार आणि त्यावर प्रमाणपत्राची परीक्षा दिलेलीच माणसं काम करणार. बाकीच्यांनी चादरींच्या घड्या घालायच्या. परीक्षेच्या अर्जात अट होती : स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं तीन वर्षांचं काम.

ताई माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. एका हातात अर्ज, मांडीवर माझ्या कामाच्या नोंदवह्या. काकांच्या हाताखालचं वर्ष तिने आपणहून वगळलं. रजेपाशी मात्र तिचं बोट थबकलं. माझ्या दाबासारखीच तिची वर्षंही पहिल्यापासून मोजायची की काय? तिने परीक्षेच्या कार्यालयात फोन केला. रजेने खंड पडत नाही, पण रजेचे आठवडे धरत नाहीत, असं उत्तर मिळालं. आठवडे हवेत एकशे छप्पन्न. स्वतःच्या सहीचे भरले एकशे पंचेचाळीस.

“अकरा आठवडे ना? मग लिहून टाक!” मावशी म्हणाल्या. “कोण येतंय तुझ्या वह्या उकरायला?”

“मावशी, अकरा मिनिटं आधी मी याचं दार उघडलं तर चालेल का तुम्हाला?”

“मला कशाला चालेल? माझंच पित्ताशय काढायचंय पुढच्या महिन्यात!”

दोघी हसल्या. हसता हसता ताईने अर्ज कोराच ठेवून दिला. पुढची परीक्षा चार महिन्यांनी होती, आणि तोवर मी भंगारात गेलो असतो. मग तिचे आठवडे भरणार कुठे?

मोठ्या सिस्टर या विभागाच्या प्रमुख. त्यांनी ऐकून घेतलं आणि यंत्र तपासणाऱ्याला बोलावलं. त्याने माझे सगळे सांधे तपासले, दाराचं रबर बदलायला लावलं आणि म्हणाला, “पाच महिने धरेल. पण जपून वापरा.” नवं यंत्र परीक्षेनंतर बसवायचं ठरलं. मित्रांनो, माझ्या भरवशावर कुणाचं भविष्य कधी थांबलं नव्हतं!

सातव्या आठवड्यात माझ्या हातून घात होता होता राहिला. एक झडप चिकटली, दाब घसरला. ताईने यंत्रवाल्याला बोलावलं, झडप दुरुस्त करून घेतली आणि सगळं सामान पहिल्यापासून लावलं. वरून डॉक्टर तणतणत खाली आले.

“रुग्ण टेबलावर घ्यायचाय. पाच मिनिटं कमी झाली तर काय बिघडतं?”

ताई माझ्या दारासमोर येऊन उभी राहिली. “बिघडलं तर त्याचंच बिघडेल, सर. मी दार उघडणार नाही.”

डॉक्टर पाय आपटत गेले. मिनिटं भरेपर्यंत ताईने माझ्या दाबाच्या काट्यावरची नजर काढली नाही.

आठवडे भरले. ती पुन्हा अर्ज घेऊन बसली आणि एका रकान्यापाशी अडली : जबाबदारीने निर्णय घेतल्याचा एक प्रसंग लिहा.

“सिस्टर, माझ्या हातून असं काही झालंच नाही हो,” ती रडवेली होऊन म्हणाली. “मी आपली यंत्र लावते आणि काढते.”

“हो का? मग त्या दिवशी डॉक्टरांना हात हलवत परत कोणी पाठवलं? मी?”

“ते होय! ते तर रोजचंच काम झालं.”

“तेच लिही,” सिस्टर म्हणाल्या. “आणि ‘आम्ही’ नको लिहूस. ‘मी’ लिही.”

ताईने ‘मी’ लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं, पण तिने ते खोडलं नाही.

आज ती परीक्षेला गेली आहे. निकाल लागेल तेव्हा मी इथे नसेन. माझ्यासारख्या मुक्या यंत्रांना जपा, मित्रांनो. आमच्या भरवशावर कोण उभं असतं, ते आम्हाला सांगता येत नाही. आणि कधी स्वतःला मोजायची वेळ आली, तर जे केलं नाही ते वाढवून सांगू नका. पण जे केलंत, ते ‘रोजचंच’ म्हणून वगळूही नका. तीही खोटी नोंदच असते.