वेळ अमावस्येला दाबलेलं बटण

मी एक जुनं बटण आहे. लातूरच्या श्रीनाथरावांच्या गाडीत, स्टिअरिंगच्या बाजूला माझी जागा. माझ्या अंगावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र आहे. ते पाहून त्यांच्या उर्वीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पप्पा, ही गाडी नाचून राहिली का?"

मित्रांनो, माझी तऱ्हाच उलटी. बाकीची बटणं दाबली की काम सुरू होतं, मला दाबलं की बंद पडतं! ओल्या रस्त्यावर गाडी भलतीकडे सरकू लागली, तर आतली यंत्रणा नेमक्या चाकाला आपणहून ब्रेक लावते, इंजिनाचा जोर कमी करते आणि गाडी सरळ ठेवते. मला कुणी हात लावत नव्हतं, तोवर ती गुपचूप राबत होती.

मग ती वेळ अमावस्या आली, शेतात जाऊन काळ्या आईची पूजा करायचा आमच्याकडचा सण. अख्खं लातूर शेतात गेलं. श्रीनाथराव, शिल्पाताई आणि उर्वी थोरल्या भावाकडे, दगडोबांच्या शेतात आले. कडब्याच्या कोपीत, त्या छोट्या खोपटात पूजा झाली, पालेभाज्या-शेंगांची भज्जी खाऊन झाली, ताकातली आंबील पिऊन झाली आणि निघताना अवकाळी पावसाने गाठलं. काळ्या मातीत चाकं फसली. चाक गरगरलं की यंत्रणा बिचारी इंजिनाचा जोर काढून घ्यायची.

"आरं, गाडी जोरच लावून न्हाई राहिली!" मागून ढकलत दगडोबा ओरडले.

श्रीनाथरावांनी मला दाबलं. यंत्रणा बंद झाली, माझा पिवळा दिवा लागला, दगडोबांच्या नव्या धोतरावर चिखल उडाला आणि गाडी सुटली. मी कसला फुशारलो, काय सांगू!

इथवर सगळं बरोबर होतं. पण डांबरी रस्ता लागला तरी मला परत दाबायचं राहून गेलं. वर हात पुसलेला रुमाल त्यांनी माझ्यावरच टाकला. पाऊस वाढायच्या आत घर गाठायचं म्हणून गाडी पळत होती. ट्रॅक्टरांनी रस्ताभर चिखल आणलेला. मागे उर्वी शेजाऱ्यांसाठीचं आंबिलीचं मडकं मांडीवर धरून बसलेली. रुमालाखाली माझा दिवा जळत होता, पण मला तोंड कुठे होतं? मला त्या पोरीची धास्ती वाटत होती.

वळणावर गाडीची मागची चाकं सुटली. गाडी गर्रकन आडवी झाली आणि पुलाच्या कठड्याला टेकता टेकता थांबली.

"उर्वी!" शिल्पाताई किंचाळल्या.

"मम्मी, मला लागलं न्हाई. मडकं फुटलं."

तिला पुसायला शिल्पाताईंनी रुमाल उचलला. "अहो, हे काय जळून राहिलंय?"

श्रीनाथरावांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी लगेच मला दाबलं. दिवा विझला.

पुढच्या वळणावर पुन्हा चिखल. गाडी जराशी सरकली, माझा दिवा लुकलुकला आणि ती आपसूक सरळ झाली.

"पप्पा, दिवा!"

"काम करून राहिलाय तो. तरी आपण हळूच जाऊ."

खरंच सांगतो मित्रांनो, गुळगुळीत टायर आणि बेफाम वेग यांच्यापुढे आमचंही काही चालत नाही. चिखलात अडलात तर मला खुशाल दाबा, पण रस्त्यावर येताच आठवणीने परत दाबा. दर वेळ अमावस्येला उर्वी अजून मडकं मांडीवर घेते, आणि डांबर लागलं की आधी ओरडते, "पप्पा, बटण!"

मग वर्षभर मला कुणी विचारत नाही. माझ्यावर धूळ साचते. साचू द्या, मला तेच हवं आहे.