मोडेमला जाग येईना

जावईबापू सकाळपासून सासूबाईंच्या जेवणाच्या टेबलाशी बसले होते, म्हणजे बूड खुर्चीवर होतं एवढंच. पाय टेबलाखाली सारखे हलत होते आणि नजर लॅपटॉपवरून हटत नव्हती. पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच ओळ येत होती: मोडेम सापडला नाही.

"सापडला नाही म्हणे! इथे बाजूला खोचलाय की!" ते लॅपटॉपवरच खेकसले.

गाडं अडलं होतं ते असं. महिन्यापूर्वी सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांच्या लेकीने, म्हणजे जावईबापूंच्या बायकोने, घोशा लावला की आता आईने एकटं राहायचं नाही, आपल्याकडे यायचं. सासूबाई स्वतःचं घर सोडायला बिलकूल तयार नव्हत्या. रडारड झाली, अबोला झाला, मग तोड निघाली. तासातासाला आई लेकीला पडद्यावर दिसली पाहिजे, आणि तेही आईने कुठलंही बटण न दाबता. रविवार संध्याकाळपर्यंत हे जमलं तर आई तिथेच राहील, नाही तर सामान बांधायचं. आज रविवार होता.

जावईबापूंनी मोठ्या तोऱ्यात आपला जुना लॅपटॉप काढून त्यावर लिनक्स ही फुकटातली संगणकप्रणाली चढवली होती. निव्वळ परोपकार म्हणून नव्हे. सासूबाई राहायला आल्या असत्या तर जावईबापूंची स्वतःच्या घरातली मागची खोली, उघड्या यंत्रांची आणि वायरींच्या गुंत्याची लाडकी खोली, हातची गेली असती. हे ते कुणाला बोलले नव्हते.

अडचण साधी होती आणि म्हणूनच जास्त छळत होती. या गल्लीत वीज कधीही जायची. लॅपटॉप सतत जागा ठेवला तर बॅटरी भर दुपारी मान टाकायची. म्हणून त्याने झोपायचं, दर तासाला आपणहून उठायचं, मोडेम जोडायचा, लेकीचा फोन आला तर उचलायचा आणि पुन्हा झोपायचं. लॅपटॉप झोपत होता, उठतही होता. मोडेम मात्र एकदा झोपला की ढिम्म हलत नव्हता.

"चहा ओट्यावर ठेवलाय हो, घ्या हाताने," सासूबाई आतून म्हणाल्या.

"हो आई, एवढं झालं की."

एवढं काही होत नव्हतं. त्यांनी मोडेम चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, बदलला, मग जुनाच परत घातला. मोडेम काढून दुसऱ्या भोकात खोचला. तेवढ्यात बायकोचा फोन.

"झालं का?"

"होतंय गं."

"अहो, कालही होतच होतं."

"तू सारखं विचारलंस तर कसं होईल?" त्यांनी फोन आपटला. लगोलग वीज गेली. पंखा बंद पडला, तसे ते घाम पुसत पुन्हा लॅपटॉपवर वाकले.

मागच्या आरामखुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, एक विचारू? हा एवढा घाम माझ्यासाठी गाळताय, की त्या खोलीसाठी?"

जावईबापूंचे कान लाल झाले. "दोन्हीसाठी," ते न वळताच म्हणाले.

"मग होईल!" सासूबाई हसल्या. "नुसतं माझ्यासाठी म्हणाला असतात, तर माझा धीरच सुटला असता."

आणि झालंही. चूक त्यांचीच होती. पहिल्या दिवशी बॅटरी जास्त टिकावी म्हणून त्यांनी वीजबचत अशी काही आवळली होती, की जे जरा स्वस्थ बसेल त्याची वीज तोडली जायची. त्यात मोडेमही गेला होता. त्यांनी कपाळावर हात मारला, मोडेमला तेवढी सूट दिली, लॅपटॉप झोपवला, उठवला. मोडेमचा निळा दिवा लागला. पुन्हा झोपवलं, पुन्हा लागला.

त्यांनी बायकोला कळवलं, "पाच वाजता बघ. आम्ही कुणी हात लावणार नाही."

"मी काय करायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"काहीच नाही. तुमचं रोजचं चालू द्या. मी बाहेरच उभा राहतो, नाही तर माझे हात शिवशिवतील."

ते अंगणात जाऊन खिडकीला नाक लावून उभे राहिले. पडदा काळा होता. पाच वाजले. काही नाही. आता आत घुसावं असं वाटलं तोच निळा दिवा लागला, पडदा उजळला आणि त्यावर बायको दिसली. जावईबापूंनी मूठ हवेत उडवली.

आतून आवाज आला, "आई! दिसतेस गं!" मग आवाज बदलला. "आई, तू भिंत धरून का चालतेस? तो पाय खाली टेक बघू."

जावईबापूंनी दिव्यावरची नजर प्रथमच काढली. सासूबाई भिंतीलगत उभ्या होत्या. एक तळवा भिंतीवर, दुसरा खुर्चीच्या पाठीवर, आणि डावं पाऊल जमिनीपासून वर धरलेलं. घोटा टम्म सुजला होता.

"कधीपासून आहे हे?" लेकीने पडद्यावरून विचारलं.

"पडले तेव्हापासून. उतरेल गं."

"उद्या येते मी. सामान मी बांधेन, तू उठूसुद्धा नकोस."

लॅपटॉप ठरल्याप्रमाणे झोपला.

जावईबापू आत आले. त्यांना फार लाज वाटत होती. "आई, मी सकाळपासून इथेच होतो. मला तरी सांगायचं."

"तुमची पाठ होती ना माझ्याकडे," सासूबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "म्हणून तर दिवसभर घरात मोकळी लंगडत फिरले."