चक्कीला लागलेलं इंजिन

मे महिन्याच्या शेवटी वादळ आलं आणि अर्ध्या तासात फुलसावंगीच्या रस्त्यावरचे विजेचे अकरा खांब आडवे झाले. त्या वर्षी भाव पडल्यामुळे गावात घरोघर कापूस तसाच पडून होता. टिनपत्रे उडाले आणि तो भिजला. लोक दोन दिवस कापूस वाळवण्यातच होते. तिसऱ्या दिवशी डब्यांतलं पीठ संपलं, तेव्हा सगळ्यांना प्रभावती आठवली.

बौद्धपुऱ्याच्या तोंडाशी तिची पिठाची चक्की होती, गावातली एकुलती एक. नवरा अश्वजित दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून ती एकटीच चालवायची. सकाळपासून ज्वारीचे डबे तिच्या ओट्यावर येऊन बसले, पण लाइन कुठं होती? आठ दिवस तरी लागतील, असं वायरमन सांगून गेला होता. दुसरी चक्की महागावला, तिकडचा रस्ता पडलेल्या झाडांनी बंद.

"भात खाऊन खाऊन लेकरं कंटाळले," मानीबाई म्हणाली. ती तांड्यावरून डोक्यावर डबा घेऊन आली होती. "काई तरी कर ना प्रभा."

चक्की इंजिनावरही चालते, हे प्रभावतीला माहीत होतं. सासऱ्यांनी ती तशीच सुरू केली होती. पण गावात जुनं डिझेल इंजिन आता एकच उरलं होतं, किसनरावांच्या विहिरीवर. आणि किसनराव सहा वर्षांपासून तिच्या घराशी बोलत नव्हते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अश्वजितनं त्यांच्या भावाला पाडलं, तेव्हापासून त्यांच्या घरचं दळण महागावला जायचं. अश्वजितच्या मातीलाही ते आले नव्हते.

तरी ती गेली. किसनराव अंगणात ओला कापूस उलटवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"किसनभाऊ, विहिरीवरचं इंजिन पायजे होतं. लाइन येईपर्यंत."

"ते बंद हाये. चार वर्षं झाले."

"चालू करून पाहू."

"कोण करन?"

किसनरावांची बायको, विमलताई, दारातून बोलली, "तुमीच कराल, दुसरं कोण? डॉक्टरनं तुमचा भात बंद केला, अन् कालपासून मी भातच वाढून राह्यली."

किसनरावांनी हातातला कापूस खाली पसरला. मग बैल जुंपायला उठले.

तांड्यावरच्या धावजीनं आपल्या ट्रॅक्टरमधलं डिझेल दिलं. चौघांनी मिळून इंजिन चक्कीमागे उतरवलं, पट्टा चढवला. हँडल मारून मारून गड्यांचे दंड भरून आले, इंजिन नुसतं खोकायचं. शेवटी किसनरावांनी सगळ्यांना बाजूला केलं, मातीतच फतकल मारली आणि नळ्या सोडून एकेक फुंकू लागले. प्रभावती डिझेलचं भांडं धरून शेजारी बसली. बाकीचे पाणी प्यायला ओट्याकडे गेले होते.

"अश्वजित गेला तवा मी याले पायजे होतं," नळीकडेच पाहत ते म्हणाले.

जाऊ द्या म्हणावं, असं तिला वाटलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "पायजे होतं. मी वाट पाह्यली तुमची. एका बंडीत बसून बाजाराले जात होते तुमी दोघं."

किसनरावांनी नळी जोडली, आवळली आणि स्वतःच हँडलला हात घातला. तिसऱ्या फेऱ्याला इंजिनानं काळा धूर सोडला, पट्टा ताणला गेला आणि आत चक्की गरगरायला लागली.

प्रभावतीनं पहिला डबा मानीबाईचा ओतला. विमलताईचा डबा सतरावा होता. कुणीतरी तो पुढं सरकवला, तर किसनरावांनीच उचलून परत मागं ठेवला. दिवस मावळेपर्यंत ते इंजिनाजवळच बसून राहिले, तापलं की पाणी घालत.

लाइन नवव्या दिवशी आली. दुसऱ्या दिवशी किसनराव बंडी घेऊन आले आणि पट्टा सोडायला लागले.

"पावसाळा तोंडावर हाये," प्रभावती म्हणाली. "लाइन पुन्हा जाईनच. राहू द्या ना इथं."

त्यांनी इंजिनाभोवती एक चक्कर मारली, वर उघड्या आभाळाकडे पाहिलं.

"मंग याच्यावर टिन टाका लागन," ते म्हणाले, आणि छपरासाठी लाकडी बल्ल्या आणायला बंडी वळवली.