चंडोल भरताना

मार्गशीर्षातली सकाळ. पंचगंगेच्या पात्रावरून धुके उठले होते आणि उठता उठता उसाच्या तुऱ्यांत अडकून पडले होते. रुपेरी तुरे, रुपेरी धुके, आणि त्या दोन्हींवरून हलकेच उतरणारे केशरपाण्यासारखे पातळ ऊन. दूरच्या गुऱ्हाळाचा गोड धुरकट दरवळ वाऱ्यावर झुलत होता. शिवार जागे झाले होते, पण अजून बोलत नव्हते.

त्या उन्हाची एक तिरपी शलाका घरामागच्या खोलीत शिरली आणि मेजावर मांडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांवर विसावली. रित्या, निमुळत्या, सुवर्णकांती पुंगळ्या. हौसाबाई उंबऱ्याशी उभी होती. हातात चहाचा कप, आणि कप मुद्दाम अर्धाच भरलेला.

हिंदुराव जांभळे म्हणजे बंदुकांचे जुने कारागीर. परवान्याचे दुकान, पंचक्रोशीत नाव. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या बंदुका बोलत्या केल्या. स्वतःसाठी मात्र एकच हौस केली. एका जुन्या पिस्तुलाला त्यांनी नवी नळी बसवली, आणि त्या नळीसाठी जगात नसलेले एक काडतूस घडवले. मोठ्या पुंगळीची मान हळूहळू आवळत आणली, आणि त्या नाजूक गळ्यात एक लहानशी तेजस्वी गोळी बसवली. कुठल्या कारखान्यात न जन्मलेले, कुठल्या दुकानात न मिळणारे ते काडतूस. त्याचा आवाज उंच आणि स्वच्छ, माळावरून सरळ आभाळात चढणाऱ्या पाखरासारखा. म्हणून त्यांनी त्याला नाव दिले चंडोल.

चंडोल भरावे ते हिंदुरावांनीच. ते पिस्तूल घरचेच खाई, बाहेरचे त्याला चालत नसे. हौसाबाई त्याला सवत म्हणायची. संध्याकाळच्या संध्याकाळी नवरा त्या खोलीत हरवलेला असायचा. पितळाशी बोलणारा, बंदुकीच्या दारूचा कण न् कण काट्यावर तोलणारा, श्वाससुद्धा जपून सोडणारा. आपल्याकडे हा माणूस कधी इतक्या निगुतीने बघतो का, असे तिला वाटायचे. वाटायचे, आणि ती चहा ठेवून निघून जायची.

मग गेल्या पावसाळ्यानंतर ती खोली मुकी झाली. "कंटाळा आला आता," असे ते म्हणाले. हौसाबाईने ऐकून घेतले. पण त्यांच्या शर्टाची वरची गुंडी उघडी राहू लागली, ते तिने पाहिले. बशीत सांडणारा चहा पाहिला. खोली झाडताना फरशीवर विखुरलेले दारूचे काळेभोर कण पाहिले, आणि टिपून घेतले. वाऱ्याविना थरथरणाऱ्या पिंपळपानासारखा त्यांचा उजवा हात थरथरत होता. जन्मभर ज्याने दुसऱ्यांचा नेम सरळ केला, तो हात.

पिस्तूल आता सोमवारी ठाण्यात जमा व्हायचे होते. परवाना त्यांनी स्वतःच सोडला होता. तिला फक्त एवढेच सांगितले होते, तेही खिडकीबाहेर बघत.

हौसाबाईने कप मेजावर ठेवला. आज ती परत फिरली नाही. तिने स्टूल ओढले, पदर खोचला आणि त्या सुवर्णकांती रांगेसमोर बसली.

"शिकवा मला."

"काय?"

"चंडोल भरायला. जायच्या आधी एकदा त्याला बोलू द्या की."

हिंदुराव हसले, मग हसू विझले. "हे काय पुरण भरायचं हाय व्हय, हौसा?"

"पुरण तरी तुम्हाला कुठं येतंय?"

हिंदुरावांनी चष्मा चढवला आणि तिच्याशेजारी बसले.

आणि ती सकाळ हळूहळू भरत गेली. तिची बोटे पितळाला भिडली. पितळ थंड होते, गुळगुळीत होते, तान्ह्या बाळाच्या गालासारखे. ते सांगत होते, ती करत होती. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी बसली. काटा डोलला, डोलला आणि स्थिरावला. दारूची बारीक काळी धार नळकांड्यातून पुंगळीत उतरली, उतरताना किंचित कुजबुजली. "हलक्या हातानं," ते म्हणाले. "हां. अस्संच." त्यांचा आवाज इतका मऊ तिने कधी ऐकला नव्हता. हा सूर ते रोज या खोलीतच ठेवून जेवायला येत होते की काय!

स्वयंपाकघरात दूध वर आले. ती धावली, गॅस बंद केला, पदराने हात पुसत परतली. तोललेली दारू तिने उचलली, समोरच्या पुंगळीशी नेली.

एक थरथरता तळवा मधे आला. त्याने पुंगळीचे तोंड झाकून टाकले.

"थांब. हिच्यात भरलीया तू मघाशी."

दुप्पट दारू म्हणजे काय, हे बंदूकवाल्याच्या बायकोला सांगावे लागत नाही. फुटलेले पोलाद, उडालेली बोटे, गेलेला डोळा. हौसाबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्यानं न्हाई व्हायचं हे."

हिंदुरावांनी हात काढला नाही. "माझ्याकडनं बी असंच झालं," ते हळू म्हणाले. "निम्मी सांडली, निम्मी आत गेली, किती गेली ते कळंना. त्या दिवशी भ्यालो मी. कंटाळा न्हवता गं आला. भ्यालो."

तिने त्या तळव्यावर आपला तळवा ठेवला. मग पुंगळी रिती केली, पुसली, पुन्हा काट्यापाशी नेली. "बघा नीट," ती म्हणाली. आणि त्यांनी पाहिले. कणाकणावर, बोटाबोटावर त्यांची नजर फिरली. अशी निगुतीची, अशी जपणारी नजर आज प्रथमच तिच्या हातांवरून वाहत होती. तिला कानशिले तापल्याचे जाणवले. या वयात!

दुपार कलताना दोघे नेमबाजीच्या मैदानावर आले. टेकडीच्या पायथ्याशी मातीचा उंच बांध, बांधापुढे पांढरा कागद, कागदावर काळे वर्तुळ. मैदानाचा पोरगेलासा प्रशिक्षक अदबीने बाजूला उभा राहिला. हिंदुरावांनी पिस्तूल उचलले. वर्तुळ डाव्या अंगाला पळाले, उजव्या अंगाला पळाले. त्यांनी ते खाली ठेवले. पुन्हा उचलले. पुन्हा ठेवले.

"तू झाड," ते म्हणाले.

प्रशिक्षकाने मान डोलावली. हौसाबाईने पिस्तूल हाती घेतले. केवढे जड, आणि तरी केवढे तोललेले! ते तिच्या मागे उभे राहिले. "श्वास सोड. अर्धा ठेव. आता बोट... नुसतं विचार केल्यागत."

चंडोल बोलला.

एकच उंच, निर्मळ, उन्हाला चिरत गेलेला स्वर. टेकडीने तो झेलला, माळाने तो लांबवला, आणि मग सगळीकडे अपार शांतता पसरली. कागदावर, काळ्या वर्तुळाच्या अगदी कडेला, उजेडाचा एक इवलासा ठिपका उमटला होता.

हिंदुरावांनी कोमट पुंगळी काढली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. ठेवताना हात थरथरला, थरथरतच तिच्या हातात राहिला. तिने तो दाबून स्थिर केला नाही. थरथरू दिला. निळसर धूर विरत गेला, ऊन पिवळे होत गेले, आणि माळावर दोन सावल्या, एकमेकींना धरून, हळूहळू, हळूहळू, लांब होत राहिल्या.