बाबांचा पासवर्ड

त्या आठवड्यात बाबांना रक्तदाबाची गोळी दोनदा गेली. सकाळी धाकटीने दिली, चिठ्ठी लिहून ठेवली, आणि ती चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने कपाटाखाली गेली. थोरलीने येऊन पुन्हा दिली. डॉक्टर दोघींवर सारखेच तडकले, मग बहिणींची आपसात जुंपली. रविवारी दुपारी थोरलीने ठरवलं, चिठ्ठ्या आता बस्स. बाबांच्या खोलीतल्या संगणकावर नोंदी लिहायचं अ‍ॅप टाकायचं. कोणाचीही पाळी असो, तो समोर असतोच.

संगणक बाबांचाच. तंत्रशाळेत वीजकाम शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने त्यावरचं विंडोज काढून लिनक्स बसवलं होतं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवा हात लुळा पडला आणि तोंडात एकच शब्द उरला: "थांब."

थोरलीने अ‍ॅपची फाइल उतरवली, दोनदा क्लिक केलं. ढिम्म! फोनवर शोधलं, तर म्हणे फाइलला चालायची परवानगी द्यावी लागते. दिली. तरी ढिम्म. आणखी काहीतरी बसवायला हवं होतं, आणि त्यासाठी पडद्यावर एक काळी खिडकी उघडून तिच्यात संगणकाला आज्ञा लिहायची होती. फोनमध्ये बघत एकेक अक्षर तिने उतरवलं. खिडकीने पासवर्ड मागितला.

"झालं!" म्हणत तिने कपाळ टेबलावर टेकलं. पासवर्ड फक्त बाबांना ठाऊक. रडायचंही त्राण नव्हतं.

"थांब," मागून आवाज आला.

तिने चाकाची खुर्ची टेबलाशी आणली. बाबांनी डावा हात कीबोर्डवर ठेवला आणि मानेने खुणावलं, तिकडे बघ.

"मी काय चोर आहे का, बाबा?"

"थांब."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एक टकटक, मग बराच वेळ काहीच नाही, मग आणखी एक. न राहवून तिने मागे पाहिलं. पडद्यावर नवं एकही अक्षर नव्हतं.

"उमटतच नाहीये काही."

मठ्ठ विद्यार्थ्याकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. इथे पासवर्ड दिसत नसतो, हे तिला नंतर कळलं. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही. बाबांच्या कपाळावर घाम आला.

"राहू दे हो. चिठ्ठ्याच लिहू."

"थांब!"

तिसऱ्या खेपेला पडद्यावर ओळींमागून ओळी सरसरत गेल्या.

अ‍ॅप उघडलं. या खटपटीत राहून गेलेली गोळी तिने आधी बाबांना दिली आणि मग पहिली नोंद लिहिली: 'दोनची गोळी अडीचला दिली. चूक माझी.' वळून बघते तो बाबा खुर्चीतच मान टाकून झोपलेले.

संध्याकाळी धाकटीने आल्या आल्या उभ्यानेच ती नोंद वाचली.

"हे कोणी बसवलं?"

"आम्ही दोघांनी."

"पासवर्ड काय आहे?"

"मला कुठे माहीत? बघूच दिला नाही त्यांनी."

धाकटी खुदकन हसली. "जा, घरी जाऊन पड जरा."

थोरली चपला घालायला म्हणून दारात बसली, आणि उठायला तिला चांगली पाच मिनिटं लागली.