पणाला लावलेली झोप

"आज तरी सुट्टी ना?" बायकोनं विचारलं.

"होती," ड्रायव्हर बुटाची नाडी बांधत म्हणाला. "पण एकाला अडचण आली."

अडचण आली होती हे खरंच. ती त्याला स्वतःलाच आली होती. डेपोच्या विश्रांतीगृहात, पोकर खेळताना.

तिथं भिंतीवर पाटी होती : 'पैसे लावून पत्ते खेळण्यास सक्त मनाई आहे.' ड्रायव्हर मंडळी नियमाला धरून चालणारी. ती पैशाला शिवत नसत, साप्ताहिक सुट्ट्या लावत. हरणाऱ्यानं आपली सुट्टी सोडून जिंकणाऱ्याची ड्यूटी करायची. गाड्या सुटत होत्या, त्यामुळे वरिष्ठही तृप्त होते.

आपला ड्रायव्हर पोकर मोबाइलवर शिकलेला, जिथं हरणाऱ्याला फार तर चार्जर शोधावा लागतो. पानं कशीही येवोत, समोरच्यानं बोली वाढवली की हा म्हणणार, "बघूया!" डाव सोडणं त्याला कमीपणाचं वाटे. शेवटी त्याचं नावच 'बघूया' पडलं. सुट्टीचं तोंड पाहून त्याला किती दिवस झाले, हे आता त्यालाही आठवत नव्हतं.

त्या दुपारी बस खच्चून भरलेली होती आणि रस्ता उताराचा. बघूयाचे डोळे उघडे होते. फक्त त्यांतून पाहणारं कुणी नव्हतं.

घणघणघण! कंडक्टर काकूंनी घंटीची दोरी तोडायचीच बाकी ठेवली. त्यानं ब्रेकवर उभंच राहावं तसा पाय दाबला. टायर किंचाळले. बस थांबली तेव्हा स्टॉपवरच्या रांगेतल्या पहिल्या आजोबांच्या छत्रीचं टोक काचेला टेकलं होतं.

आजोबा सावकाश वर चढले. "अगदी पायाशी आणलीत हो गाडी! असे ड्रायव्हर राहिले नाहीत आता."

बघूयाची स्टिअरिंगवरची बोटं सुटत नव्हती.

शेवटच्या थांब्यावर, डेपोत, बस रिकामी झाल्यावर काकू पुढं आल्या. "झोपला होतास."

"काकू, एकच डाव चांगला लागू दे. सगळ्या सुट्ट्या परत आणतो, मग पोटभर झोपतो."

"खड्ड्यातून वर यायला आणखी खोल खणणार? अरे, पानं चांगली आली की तुझे कान लाल होतात, डेपोभर ठाऊक आहे. कान लाल झाले की बाकीचे डाव सोडून पळतात, नाही झाले की तुला सोलतात. आणि तू लावतोस काय? झोप! तुला वाटतं ती तुझी एकट्याची आहे. तुझ्या झोपेवर बसभर माणसं बसलेली असतात, बाबा. त्यात मीही आहे."

परतीच्या फेरीला अवकाश होता. तरीही बघूया विश्रांतीगृहात गेला. भ्यालेला माणूस शहाणा होतो, पण लगेच नाही.

पानं वाटणाऱ्याला सगळे दादा म्हणत. बघूयाच्या हातात दोन राजे आले. त्याचे कान तापले. टेबलावर तीन पानं उघडली, तिन्ही इस्पिकाची.

"पुढचा रविवार लावतो," दादा म्हणाला. "बोल."

बघूयानं कानाला हात लावला. निखारा! म्हणजे दादाला दिसतोय. दिसूनही तो वाढवतोय! म्हणजे त्याच्या हातात इस्पिकच असणार, आणि पाच इस्पिकांपुढं राजांची जोडी हरते. पण राजे? दोन-दोन राजे कुणी सोडतं का? "बघू..." तोंडात आलं, आणि काचेला टेकलेलं छत्रीचं ते टोक पुन्हा दिसलं.

त्यानं पानं पालथी ठेवली. "सोडला."

बघूयानं डाव सोडला!

"घाबरलास की काय रे?" दादा हसला.

"हो," बघूया म्हणाला, आणि उठून थेट गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलरच्या खिडकीसमोर उभा राहिला. "साहेब, परतीची गाडी मला देऊ नका. मला झोप येतेय."

असं वाक्य त्या खिडकीत कुणी ऐकलं नव्हतं. कंट्रोलरनं आधी त्याचं तोंड हुंगलं, मग कारवाईची धमकी दिली. बघूया जागचा हलला नाही. फेरी रद्द झाली.

वाचकहो, नवखा खेळाडू पानांत चुकतो, ते शिकता येतं. पण डाव सोडायला लाजतो आणि जे लावतो ते आपलं एकट्याचं समजतो, तिथं तो दुसऱ्यांना घेऊन बुडतो. भीती वाटली तर तिचं ऐकावं. ती पुष्कळदा अक्कलच असते, फक्त उशिरा आलेली.

बाहेर प्रवाशांनी बघूयाच्या सात पिढ्या उद्धरल्या. काकूंनी कुणाला अडवलं नाही. शिव्या द्यायला सगळे शाबूत होते.